काळा चंद्र, सोसाट्याचा वारा

पुतणीच्या नव्या लॉजवरची पाटी बघून थांग मास्तर असे कडाडले, की कालव्यातल्या बदकांनी काठ बदलला.

"कुठंय तो काओ सुतार? त्याच्याच रंध्यानं सोलतो त्याला!"

चीनमधल्या शाओशिंगात नव्या धंद्याला वडीलधाऱ्यानं चित्रलिपीतली चार अक्षरं लिहून द्यायची रीत. लॉज म्हणजे रात्रीचा मुक्काम, म्हणून मास्तरांनी रात्रीचीच चार अक्षरं निवडली होती: 'लाखो घरांचे दिवे'. पाटीवर कोरलं होतं 'काळा चंद्र, सोसाट्याचा वारा'. तिथलं शेंबडं पोरही सांगेल, ही चार अक्षरं उच्चारली की कथेकरी लगेच गोष्टीत खून पाडतो. नाहीतर आग लावतो.

काओ सुतार शांतपणे म्हणाला, "मास्तर, टेबलावर दोन कागद होते. दिव्यांचा म्हणजे बिनमिठाची पेज. दुसऱ्यात काय जोर! म्हटलं, खरा हाच."

"गाढवा! शिकवणीतल्या एका ठोंब्यानं ही अक्षरं स्वतःच्या लग्नपत्रिकेत घातली होती! त्याला झापताना संतापून लिहिली मी! उतरव आधी!"

"काका, फटाके वाजून गेलेत," पुतणी शुएमेई रडकुंडीला आली. "आज उतरवली तर लोक म्हणतील, पहिल्याच दिवशी गाशा गुंडाळला. अन् ठेवली तर इथं झोपायला कोण येईल? दरोडेखोर?"

मास्तरांनी चिडून पाटीवर लाल कापड टाकलं. सोसाट्याचा वारा आला आणि कापड कालव्यात.

नेमके तेव्हाच फेई मास्तर होडीतून उतरले. गावातले सगळ्यात मोठे सुलेखनकार. तीस वर्षांत त्यांनी थांग मास्तरांच्या अक्षराला कधी 'बरं' म्हटलं नव्हतं. पाटीखाली बराच वेळ उभे राहिले.

"थांग, आज पहिल्यांदा तुझं अक्षर बघितलं. आजवर नुसती शाई सांडत होतास." मग शुएमेईला म्हणाले, "पोरी, पाटीसमोरची खोली दे."

दुपारपर्यंत त्यांच्या शिष्यांनी लॉज भरलं.

"काका, जेवणघराला आता दिव्यांची पाटी द्या," शुएमेई म्हणाली. "पण अश्शीच जोरदार!"

तीन दिवस मास्तर लिहीत होते. पण कौतुकानं गाल वर गेलेले, ते खाली येईनात. कागदामागून कागद, पेजच पेज.

चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, रुईफेननं, चहा आदळला. "कशाला कागद नासताय? फेई मास्तर बाजारात सांगत होते, पोरीची दया आली म्हणून खोटंच बोललो."

त्या तिरीमिरीत मास्तरांनी लिहिलेली पाटी जेवणघरात अजून आहे. म्हणायला लाखो घरांचे दिवे; पण बघणाऱ्याला वाटतं, लाखो घरांना आग लागलीय.