दारावरचा सुलतान

ही गोष्ट मी आपणहून सांगत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो. आमचा नातजावई शाकिर घरी येईल त्या पाहुण्याला, चहा ओठाला लागायच्या आत म्हणतो, "आजोबांना हौदाची गोष्ट सांगायला लावा." मग स्वतःच सांगतो, आणि दर वेळी मला आणखी थोडा भित्रा करतो. म्हणून म्हटलं, आपणच लिहावी. किती भित्रं व्हायचं ते निदान माझ्या हातात राहील.

आस्वानसमोरच्या आमच्या या नदीकाठावर घरोघरी हौदात मगर असते. मोठी झाली की धरणाच्या तळ्यात सोडायची, मेली तर भुसा भरून दारावर लटकवायची. घराला नजर लागत नाही आणि शेजाऱ्याच्या पोटात दुखतं. माझ्या बायकोचा भाऊ हमदून, त्याच्या दारावर अशी मगर होती. माझ्या दारावर नुसता बल्ब. (तोही गेलेला.)

आमच्या मगरीचं नाव सुलतान. लांबी माझ्या काठीएवढी, स्वभाव माझ्यासारखा. दिवसभर एका जागी पडून राहायचं आणि कुणी जवळ आलं की जबडा उघडायचा. त्याला मासे घालणं, हौद घासणं, सगळं माझी नात सामिहा करायची. मी फक्त पाहुण्यांना सांगायचो की मी करतो.

त्या हिवाळ्यात थंडी अशी पडली की हौदाचं पाणी बोटाला चावायचं. सुलतानने खाणं सोडलं. एका सकाळी मी त्याला काठीने ढोसला, हलला नाही. शेपटी ओढली, तरी नाही. मी हमदूनला बोलावलं. हा इसम इस्पितळात दरवान होता, तेवढ्यावर स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. त्याने सुलतानच्या काखेत बोटं घातली, डोळे मिटले आणि म्हणाला, "गेला बिचारा."

मला वाईट वाटलं. आवंढा गिळेपर्यंत वाटलं. मग डोक्यात उजेड पडला. त्याच दुपारी कोम ओंबोहून शाकिरच्या घरची माणसं सामिहाला बघायला येणार होती. शाकिरची आजी हज्जा बतूल हिचं नाव आमच्याकडे मुली दबक्या आवाजात घेत. एक मुलगी तिने नाजूक म्हणून नाकारली, दुसरी रडकी म्हणून, तिसरी पाल बघून किंचाळली म्हणून. आणि सामिहाचा तर शाकिरवर जीव. हे जमलं नाही तर पोरगी माझ्याशी जन्मात बोलणार नव्हती. अशा वेळी दारावर मगर असली म्हणजे घराला केवढं वजन!

"अहो, भुसा न भरताच?" माझी बायको नब्रा म्हणाली.

"भुसा नंतर भरू. वरून काय कळतंय?"

"सामिहाला विचारा तरी."

"ती आत नटतेय. आजच रडवू तिला?"

"मेलाय ना पण नक्की?"

"सगळा जन्म नदीकाठी काढलाय मी," मी गरजलो. "मेलेली मगर मला कळत नाही?"

हमदूनने शिडी धरली, मी काथ्याच्या दोरीने सुलतानला दोन खिळ्यांवर बांधला. आमचं दार दक्षिणेकडे. हौदावर कधी न येणारं ऊन तिथे पाठ भाजून काढतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट वेळेवर आठवणं ही निराळी विद्या, ती मला कुणी शिकवली नाही.

दुपारी पाहुणे आले. शाकिर, त्याचा एक लांबलचक बोलणारा मामा आणि हज्जा बतूल. मी नवा झगा, नवं पागोटं घालून दारातच उभा. हज्जाने मान वर केली आणि तिथेच थांबली.

"अवादाभाऊ, भुसा कुणी भरला हो?"

"कैरोचा कारागीर आहे."

"अगदी जिवंत वाटतो."

"तसाच सांगितला होता त्याला."

"डोळे तर काय सुंदर!"

"काचेचे आहेत. महागातले."

"काच मिटते कशी मग?"

मी वर पाहिलं. थंडीने आखडलेल्या आणि आता उन्हाने शेकलेल्या सुलतानने दुसरा डोळाही मिटून उघडला. मग शेपटीचा असा एक फटका दिला की माझं पागोटं रस्त्यावर गेलं. काथ्या करकरला. पुढचं मला नीट आठवत नाही. (शाकिरला सगळं आठवतं.) काहीतरी धप्पकन पडलं, बायका ओरडल्या, आणि त्यातला सगळ्यात बारीक आवाज माझा होता.

घरात पळायला जागा पुष्कळ होती. मी अंगणात धावलो आणि घरातली सगळ्यात मजबूत जागा पकडली. हौदात उडी मारली आणि लोखंडी जाळी स्वतःवर ओढून घेतली. नब्रा मागून आली, तिने खटकन कडी लावली. (आजही म्हणते, "हौदात काही हललं की माझा हात कडीकडे जातोच.")

जाळीतून मी पाहिलं. सुलतान जबडा उघडून अंगणात. शाकिरचा मामा खाटेवर उभा. आणि आतून सामिहा आली. मी तिला बजावलं होतं, मान खाली घालून बसायचं, मगरीचं नावसुद्धा काढायचं नाही. तिने अंगावरची नवी ओढणी सुलतानच्या डोळ्यांवर टाकली, पाठीवर बसून जबडा मिटवला आणि मिठाईच्या खोक्याची फीत त्याच्याभोवती आवळून बांधली.

"कुणी रे टांगलं माझ्या बाळाला?" ती म्हणाली.

सगळ्यांनी हौदाकडे पाहिलं.

"आजोबा, बाहेर या. सुलतानला आत ठेवायचंय."

"आधी त्याला गावाबाहेर काढ!"

हज्जा बतूल पुढे आली, सुलतानकडे आणि मग सामिहाकडे बघू लागली. आता जमलं की मोडलं, मला समजेना. मग ती म्हणाली, "हीच मुलगी पाहिजे. आमच्या घरात टिकेल. आत्ताच्या आत्ता फातिहा म्हणून घ्या, आणखी काही खाली पडायच्या आत."

लग्न ठरल्याची फातिहा म्हणायला घरचा वडीलधारा लागतो. वडीलधारा हौदात. माझ्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा मी गुडघे पोटाशी घेऊन, कमरेएवढ्या पाण्यात, जाळीतून दोन्ही तळवे वर काढून बसलो होतो. 'आमीन' सगळ्यात मोठ्याने मीच म्हणालो. बायकांनी आनंदाची किलकारी ठोकली. त्यानंतर शाकिरचा मामा भाषणाला उभा राहिला आणि त्याने आपल्या खानदानातले मेलेले-जिवंत सगळे मोजायला घेतले. मी "कडी, कडी" म्हणत होतो. लोकांना वाटलं मी दुवा देतोय.

मला बाहेर काढलं तेव्हा हात थंडीने वरच्या वर गोठले होते, खाली येईनात. जीभही हलेना. जमिनीवर आडवा केला. गर्दी बाजूला सारत हमदून पुढे आला. त्याने माझ्या काखेत बोटं घातली, डोळे मिटले आणि म्हणाला, "गेले बिचारे."

आता कुणीतरी रडेल म्हणून मी वाट पाहिली. नब्राने कमरेवर हात ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "घाई नको. आधी दुपारभर उन्हात टाका, मग बघू."

त्या दोन खिळ्यांखालीच खाट टाकून मला वाळत घातलं. येणारे-जाणारे मान वर करून रिकामे खिळे बघत, मग खाली मला बघत. सुलतानला सामिहाने आणि शाकिरने मिळून तळ्यात सोडला, लग्न थाटात झालं, सगळ्यांनी एकमेकांचं सगळं माफ केलं. राहिला एकच. एका घरातले दोन जिवंत जीव एकाच दिवशी मेले म्हणून सांगणारा, आणि अजूनही भेटला की आधी माझ्या काखेकडे बघणारा माझा मेहुणा, हमदून.