बाहुलीच्या हनुवटीवरचा तीळ

"आजी, माझं मुरुमांचं मलम कुठंय?" नातीनं बाथरूममधून ओरडून विचारलं.

"संपलं."

"अख्खी ट्यूब? या वयात तुला मुरुमं आली?"

"मला कशाला येतील? हिला लावलं."

नात बाहेर आली. खिडकीत, उन्हात, एक बाहुली बसली होती. निमुळती कंबर, उंच टाचांचे बूट, आणि तोंडाला थापलेलं मलम.

बाहुली आजीची आणि तिच्या धाकट्या बहिणीची. दोघींत एकच, म्हणून एक दिवस थोरलीचा, एक दिवस धाकटीचा, असं वडिलांनी ठरवून दिलं होतं. पुढे लग्नं झाली, गावं बदलली आणि बोलणं वाढदिवसाच्या फोनापुरतं उरलं. अलीकडे मात्र अशा जुन्या बाहुल्यांना पुन्हा चांगले दिवस आले होते. मोठमोठ्या बायका त्या हुडकून काढत, नटवत, त्यांना वीतभर झगे शिवत. धाकटी त्यांच्यातलीच एक झाली होती. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "ताई, आपली बाहुली आहे का गं अजून? रविवारी तिकडे आमचं प्रदर्शन आहे. येते तासभर बघायला."

तासभर! बाहुली छान दिसली तर बहीण आणखी थोडी टेकेल, या आशेनं ताई कामाला लागली.

केसांच्या जटा झाल्या होत्या. ते सरबताच्या नळ्यांवर गुंडाळून कढत पाण्यात बुडवले, तर डोक्याचा फ्लॉवरचा गड्डा झाला. हनुवटीवर शाईचा ठिपका होता. धाकटीनं तो लहानपणी खोडसाळपणे काढला आणि त्यापायी मारही खाल्ला होता. मलम लावून उन्हात ठेवलं की शाई जाते, असं कळलं. शाई गेली, पण हनुवटी पांढरीफटक पडली. तिला जुळावेत म्हणून गालांना मलम लावलं. मग कपाळ काळवंडल्यासारखं दिसू लागलं. कपाळ झाल्यावर मान राहिली.

"आता ही महिनाभर तापानं झोपल्यासारखी दिसतेय," मलम पुसून बघत नात म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली.

धाकटीनं बाहुली हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. "ही आपली नाही."

"अगं, आपलीच!"

"मग तीळ कुठाय?"

"तो डाग? काढला. तुझ्यासाठीच."

धाकटी मटकन खुर्चीत बसली. "डाग नव्हता तो. तू शिकायला मामाकडे गेलीस ना, तेव्हा तुझ्यासारखा तीळ काढला मी तिला. भांडायला कुणी नको होतं का मला?"

ताईचा हात आपोआप आपल्या हनुवटीवर गेला. "आणि मी सुट्टीत येऊन तुला बदडलं."

"चांगलंच."

पर्समधून पेन काढून धाकटी म्हणाली, "हलू नकोस, बघून काढते. सुरकुत्यांत कुठं लपवलायस?"

"डावीकडे आहे."

"माझ्याकडून उजवीकडे दिसतोय."

"माझी हनुवटी मला शिकवतेस?"

बराच वाद झाला आणि बाहुलीला दोन तीळ मिळाले.

ताईनं घड्याळाकडे पाहिलं. तास कधीच उलटला होता. ती हळूच म्हणाली, "तू घेऊन जा तिला."

"असं कसं? आज माझा दिवस, उद्या तुझा. परवा परत माझा. तोवर राहावंच लागेल मला."

"राहा की," ताई घाईघाईनं म्हणाली. "पण तेरवा माझा दिवस आहे, सांगून ठेवते."