तिसगावकरांच्या मानेची मोहीम

देवाचे कृपेने आणि वॉर्डातील पंखा चालू असल्याने ही हकिकत लिहिली असे. वाचणाराने मान ताठ ठेवोन वाचावी, आणि ज्यास ती वळविता येते त्याने उपकार मानावे.

मौजे तिसगावचे कानिफनाथ चिंच झोडता झोडता फांदीसुद्धा खाली आले, मानेचा मणका सरकला आणि दोन्ही हात गैरहजर जाहले. मग टेम्पोत घालोन नगरास आणिले. तेथे हाडांचे सुभेदार डॉक्टर यशया ओहोळ यांनी कवटीस दोहों बाजूंनी चिमटा लाविला, दोरी कप्पीवरोन सोडोन वजन टांगिले, आणि फर्माविले की, ओढीने मणका ठाण्यावर येईल व तेथेच राहील, तरच हात परततील. एरवी गेले ते गेले. ऐकोन कानिफनाथांच्या मातोश्री गोजरबाईंनी पदर तोंडास लाविला.

मणका एके दिवशी जागेवर आला आणि दुसरे दिवशी एक्स-रेत पाहावे तो पुन्हा फितूर. चिमट्याची पकडच नादान, ऐसा निवाडा करोन साहेबांची स्वारी एमआयडीसीत लेथवाल्याकडे दाखल जाहली आणि नवा चिमटा घडविला, मग टोकांस स्प्रिंगा बसविल्या, मग कप्पीस बेअरिंग. दर सुधारणेस साहेब मनोमन चिमट्यास आपले नाव देत आणि मनोमनच परिषदेत सत्काराची शाल पांघरत, आणि दर वेळी मणका निघोन जाई. कानिफनाथ रोज पुसत, "डाक्टर, हात येत्याल ना वो?" साहेबांस अन्न गोड लागेना.

अखेर ओढ स्वतः सोसोन दोष धुंडाळावा, ऐसी मसलत केली. आपल्याच कवटीत स्क्रू घालण्याइतके शौर्य साहेबांत नव्हते, सबब हनुवटीस पट्टा बांधोन शेजारच्या खाटेवर पडले आणि वजन टांगविले. मान ताणली, दुपारची सुस्ती होती, डोळा लागला. मग एकाएकी ओढ नाहीशी जाहली. साहेब डोळे तिरके करोन पाहतात तो वजनाखाली लाकडी स्टूल, आणि ते सरकविणाऱ्या खुद्द गोजरबाई.

"लई वढतंय व्हय रं लेकरा? पड जरा निवांत. राऊंडाच्या आदी इस्टूल काडून घेती. कानिफच्या वजनाखाली बी रोज ठिवून काडतीच की."

साहेबांस रागे भरावयाचे होते, परंतु जबडा पट्ट्यात होता; आणि पट्टा सुटेतो राग ओसरोन रडू आले, हे लिहिणे भाग आहे. मग अर्ज केला की, मातोश्री, ते ओझे नव्हे, माझाच हात आहे. मी घरी गेलो तरी कानिफची मान धरोन राहतो, तो आपण उचलोन ठेविता.

"मंग म्याच त्याचं हात आडवलं म्हना की!" गोजरबाईंनी स्टूल वजनाखालोन ओढोन काढिले.

तत्काळ हुकूम जाहला की, वजनाशेजारी स्टूल मांडावे आणि त्यावर गोजरबाईंनी बसावे. मग जो पाव्हणा कळवळोन वजनास हात लावी, तो शिव्या खाऊन माघारी फिरे. मणका ठाण्यावर आला तो हटला नाही. एके सकाळी गोजरबाईंचा पदर खाटेवर पडला असता तो कोणी धरिला म्हणोन पाहतात, तो कानिफनाथांची बोटे. माउली हमसाहमशी रडली, परंतु स्टुलावरोन उठली नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. दप्तरी नोंद ऐसी: चिमटा पहिलाच ठेविला, सुधारणा एक, स्टुलावर आई बसविली. साहेबांची शाल अद्याप दुकानातच असे.