खेळत नाही हो, तपासतोय

घरात कोणतीही वस्तू बंद पडली, की जगदाळे तिला आधी फुंकर मारतात. रिमोट, मोबाइलचा चार्जर, गॅसचा लायटर. एकदा त्यांनी सोसायटीच्या लिफ्टच्या बटणालाही फुंकर मारली होती. लिफ्ट हलली नाही. "दमानं घ्या, अजून एकदा मारतो," असं ते मागे ताटकळलेल्या लोकांना म्हणाले. फुंकर साधी नसते. डोळे मिटून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, माउथ ऑर्गन वाजवावा तशी. ती त्यांनी कुठून आणली, हे कामोठ्यातल्या आमच्या विंगमध्ये बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं.

अरविंद जगदाळे मूळचे साताऱ्याकडचे. महाप्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. अंगानं उंच, थोडं पोक, पांढरी मिशी, शर्टाच्या खिशात अजूनही पेन. सोसायटीत त्यांची ख्याती भाविक माणूस अशी. दुपारी त्यांच्या दारावरून जाणाऱ्याला आतून टाळ-मृदंग ऐकू येई. त्यामुळे सोसायटीच्या पूजेला आरतीचं तबक पहिल्यांदा त्यांच्या हातात दिलं जाई. ते घेताना त्यांचा चेहरा पडे. लोकांना ती नम्रता वाटे.

मी समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. एका दुपारी त्यांचं पार्सल चुकून माझ्याकडे आलं, ते द्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. टीपॉयवरच्या मोबाइलमध्ये भजन चालू होतं. टीव्हीचा आवाज बंद होता आणि पडद्यावर एक लाल मोटार भरधाव पळत होती. जगदाळ्यांच्या हातात तिचा रिमोट होता. मोटार डावीकडे वळली, की जगदाळे डावीकडे झुकत. मोठं वळण आलं तेव्हा ते सोफ्याच्या हातावर पार आडवे झाले आणि त्या कोनातून त्यांना दारात मी दिसलो.

मोटार कठड्यावर आदळली. जगदाळ्यांनी टॉवेल ओढून टीव्हीखालच्या गेमच्या मशीनवर टाकला.

"भाच्याचं आहे," ते म्हणाले.

"बरं."

"मी खेळत नाही हो, साहेब. तपासतोय."

भाच्याबद्दल पुढे वहिनींनी खुलासा केला. "चाळिशीचा आहे तो. कराडला ट्रॅक्टरचे पार्ट विकतो. त्याला साधं फेसबुक चालवता येत नाही." मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याला किती दिवस पुढे करणार?"

एकदा दिसल्यावर माझ्यापासून लपवण्यात अर्थ उरला नव्हता. जगदाळ्यांनी पलंगाचा बॉक्स उघडून मला त्यांची मशीनं दाखवली. दाखवतानाही नजर दाराकडे. सगळ्यात जुनं कॅसेटवालं. कॅसेटवर शेकडो गेमची नावं छापलेली आणि आत सात-आठच, नावं बदलून पुन्हा पुन्हा तेच. कॅसेट चालली नाही की तोंडासमोर धरून फुंकायची. फुंकरीचा उगम हा. त्यानंतरचं करड्या रंगाचं, सीडीवर चालणारं. मग हवेत दांडी फिरवून टेनिस खेळायचं. त्यात एका बॅकहँडला शोकेसची काच गेली, ती भूकंपात गेल्याचं पाहुण्यांना सांगण्यात आलं. शेवटचं हल्लीचं, इंटरनेटवालं.

या इंटरनेटवाल्यात जगभरातली पोरं कानाला हेडफोन लावून एकमेकांना गोळ्या घालतात आणि शिव्या देतात. जगदाळे एखाद्याला गोळी घातली की "सॉरी हां" म्हणतात. एक पोरगा त्यांना फार वाईट बोलला. "बाळा, घरी कोण कोण असतं तुझ्या?" जगदाळ्यांनी विचारलं. पोरगा खेळ सोडून निघून गेला.

शेतीचाही एक गेम आहे. गावची जमीन धाकटा भाऊ कसतो. जगदाळे कामोठ्यात बसून पडद्यावरच्या गाजरांना पाणी घालतात आणि गेम बनवणाऱ्यांवर चिडतात. "भर उन्हाळ्यात कोबी लावायला सांगतोय बघा. यांनी माती बघितली तरी आहे का?"

एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटे. टप्प्यांचा एकही गेम ते शेवटपर्यंत नेत नसत. सगळे टप्पे पार करून, शेवटच्या राक्षसाच्या दारापर्यंत जायचं आणि तिथं गेम साठवून मशीन बंद. कॅसेटवाल्याला आठवण नसते. तिथं ते दारापर्यंत जाऊन सरळ बटणच बंद करत.

"पुढं का जात नाही?"

"माझं काम तपासायचं," जगदाळे म्हणाले. "आमच्याकडे माल तपासणारा वेगळा आणि शेवटची सही करणारा वेगळा. ज्याची सही त्यानंच करायची."

मला हे त्यांचं नेहमीचंच निमित्त वाटलं. मी विषय सोडून दिला.

जगदाळ्यांना एकच मुलगी, प्राची. घरात तिला पिंकी म्हणत. बेंगळुरूला नोकरी लागल्यापासून तिनं ते नाव बंद करायला लावलं होतं. यंदा तिचं लग्न जमत आलं. मुलगा निखिल तिच्याच पसंतीचा. तो आणि त्याचे आईवडील पनवेलहून रविवारी घर बघायला येणार होते. त्यासाठी प्राची सुट्टी घेऊन आली होती. वडील निवृत्त मुख्याध्यापक. मुलांच्या हातातला मोबाइल आणि त्यामुळे झालेला समाजाचा ऱ्हास यावर ते शाळाशाळांतून भाषणं देत.

शनिवारी त्यांच्या घरातलं बोलणं दार उघडं असल्यानं माझ्यापर्यंत आलं.

"बाबा, ते सगळं हलवा इथून. प्लीज."

"पलंगात आहे की. कोण बघतंय?"

"निखिलची आई कपाटं उघडून बघते. त्यांनी विचारलं, हे कुणाचं, तर मी काय सांगू? माझे साठीचे बाबा दुपारभर व्हिडिओ गेम खेळतात?"

या वेळी जगदाळे तपासतोय, असंही म्हणाले नाहीत.

थोड्या वेळानं चारही मशीनं चादरीत बांधून त्यांनी माझ्याकडे आणली. जिन्यात कुणी नाही हे आधी बघून घेतलं. "आडवीच ठेवा, साहेब. वायरी गुंडाळू नका, आतून तुटतात," एवढंच सांगून गेले.

रविवारी शेजारी म्हणून मलाही बोलावलं होतं. पोहे झाले, चहा झाला. मुख्याध्यापकांनी विचारलं, "निवृत्तीनंतर वेळ कसा घालवता?"

"भजन," जगदाळे म्हणाले.

"वा! मग होऊन जाऊ द्या एखादं."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. निखिलच्या आईनं पदर सारखा केला आणि त्या हात जोडून बसल्या. जगदाळ्यांनी मुलीकडे पाहिलं. प्राचीनं मान खाली घातली. मग त्यांनी खरंच सुरुवात केली. इतकी वर्षं जे रोज लावलं होतं, त्याची एक ओळ त्यांना येत होती. ती त्यांनी दोनदा म्हटली. तिसऱ्यांदा आवाज फाटला.

"घसा बसलाय," ते म्हणाले. कपाळावर घाम होता. "थांबा, टीव्हीवर लावतो. चॅनेल आहे."

रिमोट चालला नाही. जगदाळ्यांनी तो उलटा केला, डोळे मिटले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकर मारली.

निखिल एकदम पुढे सरकला. "काका! कॅसेटवाला गेम होता तुमच्याकडे?"

मुलगा आशेनं विचारत होता, हे मला दिसत होतं. जगदाळ्यांनाही दिसलं असावं. त्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मग प्राचीकडे.

"नाही," ते म्हणाले. "भाच्याचा होता. मला असल्या गोष्टींचा तिटकारा आहे."

मुख्याध्यापकांनी समाधानानं मान हलवली. लग्न ठरलं.

संध्याकाळी मशीनं न्यायला जगदाळे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरातून भजनही ऐकू आलं नाही. जिन्यात भेटले तेव्हा मी आठवण केली. "राहू द्या तुमच्याकडेच," ते माझ्या चपलांकडे बघत म्हणाले. "तपासून झालंय सगळं."

त्यानंतर प्राची माझ्याकडे आली. तिची सुट्टी संपत आली होती. "काका, बाबांचं सामान तुमच्याकडे आहे ना? एकदा बघू?"

तिनं इंटरनेटवालं मशीन काढलं आणि माझ्या टीव्हीला जोडलं. वायरी सफाईनं लावल्या, शोधाव्या लागल्या नाहीत. पहिला गेम उघडला, तो राक्षसाच्या दारात उभा होता. दुसरा उघडला, तोही दारातच. तिसरा उघडला आणि तिनं रिमोट मांडीवर ठेवला.

"सगळे इथंच थांबलेत," ती म्हणाली.

मी तिला ते सहीचं सांगितलं. तिला ते नवीन नव्हतं. लहानपणी तिला अवघड टप्पे जमायचे नाहीत, ती रडायची. मग बाबा कामावरून आल्यावर सगळे टप्पे खेळून तिला दारापर्यंत आणून सोडायचे आणि रिमोट तिच्या हातात द्यायचे. म्हणायचे, "माल तपासलाय पिंकीशेठ, सही करा."

"मी कॉलेजला गेल्यावर ते बंद झालं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, बंद झालं."

तिनं मशीन काढलं. मी चादर पुढे केली. ती घेतली नाही. तसंच उघडं मशीन दोन्ही हातांत धरून ती निघाली. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, त्यांनी विचारलं, "हे काय गं?" "बाबांचं आहे," एवढं बोलून ती आत गेली.

त्या दुपारी समोरच्या घरातून टीव्हीचा आवाज पहिल्यांदा ऐकला. स्फोट, आरोळ्या आणि मधूनच जगदाळ्यांचा आवाज. "डावीकडं! अगं डावीकडं! मागं बघ, पिंके!"

दुसऱ्या दिवशी ती बेंगळुरूला गेली. जगदाळे तिला सोडून परत आले, तेव्हा लिफ्टपाशी भेटले.

"मग, झाली का सही?" मी विचारलं.

"कसली सही! हरली. पाच मिनिटं टिकली नाही." मिशीखालचं हसू त्यांना आवरत नव्हतं. "सवय मोडलीय तिची. पुढच्या महिन्यात परत येते म्हणालीय. राक्षस तसाच ठेवलाय."

"आणि तोपर्यंत तुम्ही?"

"मी खेळतो की," ते म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि त्यांनी पटकन मागे वळून पाहिलं. वॉचमन लांब होता. तरी आवाज खाली आणून म्हणाले, "मुख्याध्यापकांच्या कानावर जाऊ देऊ नका. लग्न होईपर्यंत तरी."