गुंडोपंत साळिंदर गाणं साठवतात

एका जंगलात, मुलांनो, घरोघरी टीव्ही होता. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीतला ससा बोलतो तेव्हा तुम्ही मुकाट ऐकून घेता, मग विजेचंच काय एवढं?

त्या जंगलात गुंडोपंत साळिंदर आणि त्यांची बायको कृष्णाबाई एका ऐसपैस बिळात राहत. त्यांची एकुलती एक लेक शलाका लग्न होऊन ओढ्यापलीकडच्या जंगलात गेली होती.

शलाकाला लहानपणापासून गाण्याचं वेड. साळिंदराला कसला आलाय गळा, नुसता काट्यांचा खुळखुळाट, असं सगळं जंगल म्हणायचं. गुंडोपंत तसं म्हणत नसत. ते काहीच म्हणत नसत, कारण त्यांनी तिचं गाणं कधी धड ऐकलंच नव्हतं. ती म्हणायची, "बाबा, ऐका ना." हे म्हणायचे, "एवढे कंद उकरून होऊ देत, मग ऐकतो." कंद उकरून झाले, पोरीचं लग्नही झालं, ऐकायचं तेवढं राहून गेलं.

आणि एक दिवस बुलबुल निरोप घेऊन आला. शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर पाखरांची मैफल होती आणि तीत शलाका गाणार होती. पाखरांच्या मैफलीत साळिंदर! असं त्या जंगलात कधी घडलं नव्हतं.

"आणि ताईनं बजावून सांगितलंय," बुलबुल म्हणाला, "की बाबांना म्हणावं, या वेळी तरी ऐका."

गुंडोपंतांनी हातातला कंद खाली ठेवला.

"ऐकतो म्हणजे काय!" ते म्हणाले. "आणि नुसतं एकदा ऐकून भागायचं नाही. इतक्या वर्षांची भरपाई करायची आहे. रोज सकाळी ऐकणार, रोज संध्याकाळी ऐकणार. अगं, आपल्याला रेकॉर्डर पाहिजे!"

"शुक्रवारी आपण घरीच आहोत की," कृष्णाबाई म्हणाल्या.

हे बोलणं फारच सोपं होतं. त्यामुळे गुंडोपंतांनी त्याकडे लक्ष दिलं नाही.

ते आधी शेजारच्या बापूसाहेब सांबरांकडे गेले. बापूसाहेबांकडे दोन रेकॉर्डर होते, दोन्ही काठोकाठ भरलेले.

"त्यातलं काय काय बघितलंत?" गुंडोपंतांनी विचारलं.

"बघायला सवड कुठंय, पंत? साठवण्यातच दिवस जातो."

दुसरा कोणी असता तर एवढ्यावर शहाणा होऊन घरी गेला असता. गुंडोपंत दुकानात गेले.

दुकान होतं रंगराव सरड्यांचं. आता सरडा मान वरखाली करतो, ती सवयीनं करतो. त्यात 'हो' नसतं आणि 'नाही'ही नसतं. जंगलात हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. दुकानात शिरलं की मात्र भल्याभल्यांना आठवत नाही.

फळीवर रेकॉर्डर मांडले होते. एकात दोन चॅनल एकदम साठत, पण त्याला डिश त्याच कंपनीची लागे. दुसऱ्याला कुठलीही डिश चाले, पण साठवलेलं महिन्याभरात आपोआप पुसलं जाई. तिसऱ्यात जन्मभराचं मावे, पण त्याला एक वायर लागे आणि ती वायर बाजारात येणं बंद झालं होतं. चौथा गुंडोपंतांना फार आवडला. तो स्पीकर निघाला.

शेवटी त्यांनी एका काळ्या खोक्यावर पंजा ठेवला. "हा आमच्या डिशवर चालेल?"

रंगरावांची मान हलली.

"साठवलेलं कायम राहील ना?"

मान हलली.

"लावायला सोपा आहे?"

मान हलली.

"आणि काही अडलं तर तुम्ही घरी येऊन बघाल?"

मान हलली, आणि रंगराव जरा पिवळे पडले. पण गुंडोपंत तेव्हा खोका निरखत होते.

घरी आल्यावर त्यांनी खोक्यातलं माहितीपुस्तक काढलं. ते चांगलं जाडजूड होतं. त्यात गरुडांची भाषा होती, मगरींची होती, समुद्रापलीकडच्या कांगारूंची होती. साळिंदरांच्या भाषेत एकच वाक्य होतं : 'खोका उलटा धरू नये.' गुंडोपंतांनी खोका सुलटा धरला. पुढचं सगळं अंदाजानं चाललं.

रिमोटची बटणं इतकी बारीक की पंजाखाली चार-चार दाबली जात. म्हणून ते स्वतःचाच एक काटा उपटून त्याच्या टोकानं बटणं दाबू लागले. घड्याळ लावलं तर आवाज गेला. आवाज आणला तर घड्याळ मागं पडलं. मधेच कृष्णाबाईंनी आपली मालिका बघायला म्हणून एक बटण दाबलं, आणि त्या दिवसापासून रेकॉर्डर त्या मालिकेचा भाग अन् भाग गिळू लागला. सकाळचा, दुपारचा, आणि तोच पुन्हा रात्रीचा. त्याला थांबवायचं बटण काही सापडेना.

गुंडोपंत रंगरावांकडे धावले. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. रंगरावांच्या हमीची धाव दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत होती. उंबऱ्याच्या आत त्यांची मान हलत राहिली, बाहेर काही ते आले नाहीत.

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसली. कृष्णाबाई नवं लुगडं नेसल्या होत्या. कोकीळ गायला, दयाळ गायला. मग निवेदन करणारी मैना म्हणाली, "आणि आता, पहिल्यांदाच, शलाका साळिंदर."

गुंडोपंतांनी काट्यानं बटण दाबलं.

पडद्यावर भलीमोठी पाटी आली : 'जागा शिल्लक नाही. जुनं पुसू का?' पाटी आली की आवाज बंद व्हायचा, अशी त्या यंत्राची रीतच होती.

गुंडोपंतांनी 'हो' दाबलं. दुसरी पाटी आली : 'काय पुसू?' त्यांनी मालिका दाखवली. 'नक्की पुसू?' नक्की. 'मालिका तुमची आवडती आहे. पुन्हा विचार करा.'

गुंडोपंतांचे सगळे काटे ताठ उभे राहिले.

पाटीच्या कडेनं शलाकाच्या काट्यांची टोकं तेवढी दिसत होती. ती डोलत होती. म्हणजे शलाका गात होती.

"अहो, राहू द्या ना ते!" कृष्णाबाई काकुळतीला आल्या. "बंद करा ते यंत्र. नुसतं ऐकू या. माझी पोर गातेय हो!"

"थांब गं! आत्ता ऐकलं तर मग साठवायचं काय?"

आणखी दोन पाट्या झाल्या. अखेर रेकॉर्डरचा तांबडा दिवा लागला. पाटी गेली, आवाज आला, पडदा स्वच्छ झाला. पडद्यावर मैना म्हणत होती, "वा! डोळ्यांत पाणी आणलंत, शलाकाताई."

ते वाक्य मात्र अगदी सुरेख रेकॉर्ड झालं.

दुसऱ्या दिवशी शलाका ओढा ओलांडून धापा टाकत माहेरी आली. दारातूनच तिनं विचारलं, "बाबा, ऐकलंत?"

गुंडोपंतांची मान वरखाली झाली.

"कसं झालं? शेवटची तान आवडली?"

मान पुन्हा वरखाली झाली. शलाकानं ती मान नीट पाहिली. रंगरावांच्या दुकानात तीही कधीतरी गेली होती.

"अगं, त्यांनी नाही ऐकलं," कृष्णाबाई म्हणाल्या. "आणि मलाही ऐकू दिलं नाही. ते साठवत होते."

शलाकाला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण पोरगी गुणी होती. ती म्हणाली, "असू दे. मी इथंच आहे की. आत्ता म्हणते. बसा, बाबा."

गुंडोपंतांचे डोळे भरून आले. ते बसले. शलाकानं डोळे मिटून सूर लावला, आणि तो असा लागला की बिळाच्या तोंडाशी मुंग्यांची रांगसुद्धा थांबली.

"थांब, थांब!" गुंडोपंत ताडकन उठले. "असलं सोनं वाया घालवायचं नाही! समोरचं गाणं साठवणारं यंत्रही रंगरावांकडे असेलच. हा आलोच मी. तोवर गाऊ नकोस हं, बाळ!"

आणि ते धावत सुटले. दुकानात त्यांनी विचारलं आणि रंगरावांची मान हलली.

नवा खोका घेऊन गुंडोपंत परतले तेव्हा उन्हं कलली होती. कृष्णाबाई एकट्याच बिळाच्या तोंडाशी बसून पदरानं डोळे टिपत होत्या.

"गेली?"

"गेली. तिला ओढ्याला पाणी चढायच्या आत पोचायचं होतं."

"आणि गाणं?"

"माझ्यासाठी म्हणाली."

गुंडोपंत खोका खाली ठेवून बसले. मग हळूच म्हणाले, "कसं होतं गं?"

कृष्णाबाईंनी सांगायचा प्रयत्न केला. "ते असं सांगता येत नाही हो," त्या म्हणाल्या.

"बरं. आता पुढच्या वेळी," गुंडोपंत म्हणाले, आणि खोका सुलटा धरून उघडू लागले.

तात्पर्य : हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. ते आता जुनं झालं. हातचं खुशाल सोडावं, कुठलं ना कुठलं यंत्र ते धरून ठेवीलच. लेकरू 'ऐका ना' म्हणालं, की त्याला थांबवावं आणि आधी बटण शोधावं. बटण सापडेपर्यंत लेकरू गप्प राहायला शिकतं आणि घरात छान शांतता होते. ही शांतता मात्र कितीही साठवा, तिला जागा कधी कमी पडत नाही.