शमीमआपांचा पहिला प्रश्न

शमीमआपा कुठंही गेल्या की नमस्काराच्या आधी विचारतात, "बायकांचा संडास कुठंय?" मग ती शाळा असो, पतसंस्था असो नाहीतर मंगल कार्यालय. सख्ख्या भाचीच्या लग्नातसुद्धा त्यांनी नवरदेवाच्या आधी हॉलच्या मॅनेजरला गाठलं होतं!

सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या या बाईंचा जुन्नर-आंबेगावात धाक आहे. पिशवीत सरकारी नियमाचा कागद, प्लॅस्टिकमध्ये घातलेला. "विनंती न्हाई, नियम हाय!" हे त्यांचं पालुपद.

मी नारायणगावात टोमॅटोच्या शेडवर मुकादम. माल निवडायला तीसेक बाया येतात, पण त्यांच्यासाठी साधा आडोसा नव्हता. मालक बबनशेठ म्हणायचे, "शेजारी एवढा ऊस हाय की!"

"उसात बिबट्या हाय, शेठ," पहिल्यांदा शेडवर आलेल्या आपा म्हणाल्या. "त्याला नियम वाचून दाखवू का?"

शेठ हसले आणि पुढच्या महिन्याचा वायदा केला. असे चार वायदे झाले. पाचव्या खेपेला आपा चक्क ताकाची किटली घेऊन आल्या. शेठ खूश! तीन ग्लास रिचवले. मग आपांनी ऑफिसच्या दारातच खुर्ची टाकली, कागद काढला आणि एकेक ओळ सावकाश वाचायला लागल्या. पहिलं पान संपेना. शेठची चुळबुळ सुरू.

"आपा, जरा जाऊन येतो."

"कुठं?"

"तिकडं... जरा."

"बसा की राव! आमच्या बाया सकाळी आठपास्नं बसल्यात."

बाया टोमॅटो टाकून खिडकीला लागल्या. मला हसू आवरेना. दुसऱ्या पानावर शेठ ओरडले, "बांधतो! लगेच बांधतो!"

"लेखी द्या."

शेठनी उभ्याउभ्या सही ठोकली आणि जे पळाले, ते शर्यतीतल्या बैलाच्या वरताण!

महिन्याभरात संडास उभा राहिला. दार, कडी, नळ, सगळं पक्कं. नारळ फोडायला आपांना बोलावलं, तर त्यांनी तो एका म्हाताऱ्या कामकरणीच्या हातात दिला आणि स्वतः माठापाशी जाऊन बसल्या. येईल त्या बाईला तांब्या भरून द्यायला लागल्या.

"पी गं, पोटभर पी."

मी पेढा घेऊन गेलो. म्हटलं, "आपा, आज तरी आराम करा."

त्या माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "आमची आई कांद्याच्या वखारीत कामाला व्हती. दिवसभर घोटभर पाणी प्यायची न्हाई. आमाला पोरांना वाटायचं, आईला तहानच लागत न्हाई."

आणि त्यांनी पुढच्या बाईसाठी तांब्या बुडवला.