नानांची उंबऱ्यावरची शिंक

रस्त्यात कुणी शिंकलं की लोक बाजूला होतात. आमचे नाना म्हात्रे जवळ जातात. पेणच्या बाजारात, बँकेच्या रांगेत, एकदा तर अंतरपाट धरलेला असताना थेट नवरदेवापर्यंत जाऊन त्यांनी विचारलं होतं, "हंगामी की बारमाही?"

नाना आमच्या समोरच्या दाराचे. धाटावला एका रसायनांच्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हा रोह्याला राहायचे, निवृत्त झाल्यावर पेणला आले. नोकरीभर नाक गळलं आणि नोकरीभर त्यांनी कंपनीच्या वासाला शिव्या घातल्या. शेवटी मीच त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हातावर वेगवेगळे थेंब ठेवून बारीक सुया टोचल्या, आणि गवताच्या परागाच्या थेंबाखाली चांगली टपोरी गांध उठली. नानांना अपमान वाटला. "एवढी वर्षं कंपनीत काढली, आणि नाकाला लागतंय गवत? मी काय बैल हाय?"

पण तेव्हापासून ते या विषयातले अधिकारीच झाले. पावसाळा सरताना बांधावरचं गवत फुलोऱ्यावर आलं की जे शिंकतात ते हंगामी. गादी-उशीतल्या धुळीने ज्यांचं नाक वर्षभर वाहतं ते बारमाही. मग पुढचे प्रश्न. झोप मोडते का, कामात लक्ष लागतं का? त्यावरून किरकोळ की जोरदार ते ठरतं. डॉक्टरांनी दिलेला नाकातला फवारा मारताना मान जराशी पुढे, नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही तर कानाच्या बाजूला, हे त्यांनी अख्ख्या इमारतीला शिकवलंय. ज्यांना साधी सर्दीही नाही, त्यांनासुद्धा.

हमरापूरला त्यांच्या मेहुण्याचा गणपतीचा कारखाना आहे. एकदा मेहुणा मूर्तीचे डोळे आखत होता आणि मागे नाना शिंकले. ब्रश हलला, बाप्पा चकणा झाला. मेहुणा पुसून पुन्हा आखणार, तर नाना म्हणाले, "माझी शिंक, तर गणपती पण माझाच." त्या वर्षी तोच घरी बसवला. नानी तेव्हा होत्या. आरतीत त्यांना हसू आवरेना, असं नाना सांगतात. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. मुलगा मस्कतला असतो. घरात आता नाना आणि त्यांचा फवारा.

औषध मात्र लागू पडलं. शिंका जवळजवळ थांबल्या, एक सोडून. त्यांच्या घरातून कुणी निघालं, पायात चपला सरकवल्या, की नाना शिंकतात. निघताना शिंक झाली की आमच्याकडे माणूस परत बसतो, घोटभर पाणी पितो आणि मग जातो. पाण्यामागून नाना चहा टाकतात, चहामागून कंपनीतले किस्से निघतात. पोस्टमन, गॅसवाला, इस्त्रीवाला, सगळे त्यात सापडलेत. मलाही शाळेत जायला उशीर झालाय.

आता त्यांनीच शिकवलेलं मी विसरणार कशी? ॲलर्जीची शिंक एकटी येत नाही. ओळीने येतात, नाक खाजतं, डोळे पाणावतात. ही एकच, कोरडी, आणि बरोब्बर उंबऱ्यावर. निदान कधीच झालं होतं, पण मी बोलले नाही. वाईट वाटायचं, आणि बसायचे.

परवा संध्याकाळी गेले तर नाना गप्प होते. मुलाचा फोन येऊन गेला होता. यंदाही गणपतीला सुट्टी नाही. मी शाळेतल्या एका शिंकणाऱ्या बाईंचा विषय काढून पाहिला, तर नानांनी त्यांच्या गादीचीसुद्धा चौकशी केली नाही. नुसतं व्हय-नाय करत राहिले. शेवटी मी उठले. चपला घातल्या आणि थांबले.

शिंक आली नाही. नाना खिडकीबाहेर बघत होते.

माझंही घर रिकामंच होतं. आमच्या ह्यांची डोलवीच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट, लेक शिकायला पुण्याला. मला एकदम भरून आलं, पाय काही निघेना. मग मीच शिंकले. इतकं वाईट की वर्गातली पोरंसुद्धा फसली नसती.

नानांनी मान वळवली, चष्मा सारखा केला आणि मला नीट निरखलं.

"डोळ्याला पाणी हाय," ते म्हणाले. "पण नाकाला खाज नाय. ही ॲलर्जी नाय गो."

"मग काय आहे, नाना?"



"मला हाय तेच," नाना म्हणाले, आणि पाणी आणायला उठले. "बस."